गावात कुस्ती उभी करायची तर आधी जोडी बघा, मग मॅट

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अकोला जिल्ह्यातलं तुमचं अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. आजोबांच्या काळातली व्यायामशाळा आहे, पण आखाड्याच्या जागी आता डम्बेल आणि बेंच आले. नागपंचमीला दंगल दणक्यात होते, इनाम मात्र दरवर्षी बाहेरचे पहेलवान घेऊन जातात. गावातली पंधरा-वीस पोरं शिकायला तयार आहेत आणि निधीतून मॅट मिळेल असं आश्वासन आहे. मॅट घ्यावी की मातीचा आखाडा नीट करावा, आणि आपली पोरं जिल्ह्याच्या पुढे का सरकत नाहीत, असं तुम्ही विचारलं. शेवटी एका ओळीत मुलींना घ्यावं का, हेही विचारलंय.

मी अमरावती-वर्ध्याकडच्या गावांमध्ये बरीच वर्षं पोरांना कुस्ती शिकवतोय, त्या अनुभवावरून सांगतो. माती की मॅट हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो दुसऱ्या नंबरचा. तुमची मुख्य अडचण जोडीची, म्हणजे सरावाला सारख्या वजनाचा जोडीदार मिळण्याची आहे.

पंधरा-वीस पोरं ऐकायला भरपूर वाटतात. एकदा त्यांना काट्यावर उभं करा, कापूस मोजायचा काटाही चालेल. दहा वर्षांचं तीस किलोचं पोर निघेल, बाविशीतला ऐंशी किलोचा गडी निघेल. शाळेच्या स्पर्धेच्या वयातली सहा-सात निघतील आणि त्यात ४५ किलोच्या आसपासचा एक, फार तर दोन. हा ४५ किलोचा पोरगा रोज लढणार कोणाशी? साठ किलोवाल्याशी लढून तो फक्त जीव वाचवायला शिकतो. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय पकडायला, वाकला की वरून दाब येतो. चार दिवस मान दाबली गेली की तो पट काढणंच सोडून देतो आणि नुसता हात धरून उभा राहायला लागतो. साठवाल्याचंही नुकसानच होतं. त्याला डाव लावायची गरजच पडत नाही, ओढलं की समोरचा पडतो. मग जिल्ह्याला त्याच्याच वजनाचा, तेवढ्याच ताकदीचा गडी समोर आला की पहिल्या मिनिटात याची ओढाताण संपते आणि पुढे हाताशी काही उरत नाही. गावात नाव असलेलं पोर जिल्ह्याला हरून येतं ते बहुतेक वेळा असं. पोर कच्चं नसतं, त्याला जोड मिळालेली नसते.

माझ्या मते एका पोराला आपल्या वजनाच्या दोन-तीन किलो इकडे-तिकडे किमान तीन जोडीदार हवेत. एक त्याच्याहून सरस, एक बरोबरीचा आणि एक नवखा. सरस असतो त्याच्याकडून मार खात शिकायचं, बरोबरीच्याशी झुंजायचं आणि नवा डाव आधी नवख्यावर लावून बघायचा. नवख्याकडे पोरं दुर्लक्ष करतात, पण हात तिथेच बसतो. एवढी जोडी एका गावात, तीही आपल्याकडच्या छोट्या गावात, जमणं कठीण आहे.

पश्चिम महाराष्ट्रात हे कसं जमलं ते बघा. कोल्हापूरला राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि तालमींमध्ये गावोगावची पोरं येऊन राहायला लागली. एका तालमीत एका वजनाची आठ-दहा पोरं आपोआप सापडायची. आपल्याकडची परंपराही मोठी आहे, पण तिची जात वेगळी. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली. पुढे त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. वऱ्हाडातल्या गावोगावच्या व्यायामशाळा त्याच वळणाच्या. लाठी, लेझीम, मल्लखांब, जोर-बैठका आणि त्यासोबत कुस्ती. पोरांनी शरीर कमवावं, शिस्त लागावी, देशाच्या कामाला अंगात बळ असावं, हा हेतू. स्पर्धेसाठी एका वजनाची दहा पोरं एकत्र ठेवणं हे त्यांचं कामच नव्हतं. त्यामुळे तुमच्या आजोबांनी बांधलेली व्यायामशाळा निकामी झाली असं मला वाटत नाही. तिला फक्त शेजारची चार गावं जोडायची आहेत.

आम्ही करतो ते असं. आठवड्यातले चार दिवस प्रत्येक गावची पोरं आपापल्या व्यायामशाळेत मेहनत करतात: जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणं, धावणं. त्याला मोठा वस्ताद लागत नाही, वयानं थोडा मोठा आणि वेळेवर येणारा एक पोरगा लागतो. बाकी दोन दिवस पाच-सहा गावची पोरं एका ठिकाणी येतात आणि त्या दिवशी फक्त लढत. आलं की आधी वजन, मग जोड्या. केंद्र कुठलं करायचं हे मात्र जागेवरच ठरतं. मोठ्या आखाड्याचं गाव हवंच असं नाही, ज्या गावाला पोर सायकलनं पोचतं ते गाव हवं. पावसाळ्यात मध्ये नाला चढतो का, ज्या शाळेत पाचही गावची पोरं जातात ती शाळा कुठे आहे, संध्याकाळी वीज टिकते का, हे बघा. बहुतेक वेळा हायस्कूलचं गावच सोयीचं पडतं, कारण पोरं तिथे असतातच, शाळा सुटली की दीड तास थांबवायचं. गावागावांत जुनं वाकडं असेल तर ते आधी मोठ्या माणसांनी बसून मिटवावं लागतं. हे काम कुस्ती शिकवण्यापेक्षा अवघड आहे आणि ते टाळता येत नाही.

आता माती आणि मॅट.

तुमचा भाग काळ्या जमिनीचा. ही माती कपाशीला सोनं आहे, आखाड्याला नाही. पाण्यानं फुगते, पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ढेकळं दगडासारखी होतात. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, गाव असेल तर आणखीच चिवट. जुन्या आखाड्यात कोणी शेतातलीच माती टाकली असेल तर ती आधी काढा. आम्ही तीन फूट खोल खोदून तळाला मुरूम आणि वाळूचा थर देतो, म्हणजे पाणी धरून राहत नाही. वर दीड-दोन फूट लाल किंवा पिवळसर भुसभुशीत माती, बारीक चाळणीनं चाळून. खडा, काच, काटा काही राहता कामा नये. बाहेरून माती आणताना तहसीलची परवानगी घ्या, नाहीतर ट्रॅक्टर रस्त्यात अडतो. मग तेल, ताक, लिंबू, कडुनिंबाचा पाला आणि हळद. वर्ध्याकडची वायगावची हळद नावाजलेली, पण घरची असेल तरी चालते. ओल बरोबर आहे का ते हातानं बघायचं. मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर ओल जास्त, वळलाच नाही तर पाणी मारा. रोज लढतीआधी कुदळीनं उकरणं हा मेहनतीचाच भाग. ते काम पोरांकडूनच करून घ्या.

एवढं सगळं करून माती उभी राहिली तरी स्पर्धा मॅटवर, म्हणजे गादीवर, होतात. शालेय स्पर्धा, राज्य, राष्ट्रीय, सगळं गादीवर. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी असे दोन विभाग लढतात आणि शेवटची कुस्ती दोन्हींच्या विजेत्यांमध्ये लागते. म्हणून मॅट नको असं मी कधीच म्हणणार नाही. मातीतला गडी गादीवर टिकत नाही, हेही खरं नाही. खाशाबा जाधव मातीतूनच आले, १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. फक्त गादीची सवय वेगळी लावावी लागते.

ती सवय कशाची, ते नीट समजून घ्या, कारण आपली पोरं हरतात ती इथेच. मातीत चितपट झाल्याशिवाय कुस्ती संपत नाही, म्हणून पोरगा ताठ उभा राहतो, मानेवर हात टाकून अंदाज घेत बसतो. गादीवर मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मधे तीस सेकंद विश्रांती. सतरा वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटं. समोरच्याला खाली आणून मागे गेलं की दोन गुण, पाठ गादीकडे वळवली की दोन, फ्रीस्टाइलला (ज्यात पायही धरता येतात) दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. आपला पोरगा अंदाज घेतोय तोवर समोरच्याचे चार गुण झालेले असतात. त्याहून वाईट म्हणजे कडेची कुस्ती. आखाड्यात कडेला गेलं की पंच हात धरून मध्ये आणतात, म्हणून मागे सरकण्याची भीती कोणाला वाटत नाही. गादीवर पाय वर्तुळाबाहेर पडला की एक गुण गेला. मी आपल्याकडची चांगली पोरं असे एक-एक गुण देऊन हरताना बघितली आहेत. पोरगा खाली एकदाही पडलेला नसतो आणि आपण का हरलो हे त्याला कळतही नाही.

यावरचा उपाय फुकटचा आहे. शाळेच्या मैदानावर फक्कीनं नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ आखा, गादीवरचं वर्तुळ तेवढंच असतं. दोन पोरं कडेला उभी करा. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं मागे न जाता बाजूला फिरून समोरच्यालाच कडेकडे करायचं. तीस-तीस सेकंदांच्या फेऱ्या. यात पडापडी नाही, त्यामुळे नुसत्या मैदानावर चालतं. मॅट येईपर्यंत हे सुरू केलंत तरी पुढच्या स्पर्धेत फरक दिसेल.

मॅटबद्दल माझं मत असं की पूर्ण मॅट घाईनं घेऊ नका. स्पर्धेची मॅट बारा मीटर बाय बारा मीटरची असते. गावातल्या समाजमंदिरात ती मावत नाही, मग अर्धी गुंडाळून कोपऱ्यात पडते. फोममध्ये उंदीर घर करतात, टिनाच्या शेडमधून गळालेलं पाणी आत मुरतं, आणि दोन पावसाळ्यांत मॅट जाते. अशा मॅट मी बघितल्या आहेत. आधी जागा, मग मॅट. पक्कं छत, जमिनीपासून वर घेतलेला कोरडा ओटा, दोन बाजूंनी वारा आणि किल्ली ठेवणारा एक जबाबदार माणूस, एवढं असेल तर घ्या. नसेल तर सहा मीटर बाय सहा मीटरच्या सरावाच्या तुकड्यांची मागणी करा. दोन जोड्या एका वेळी व्यवस्थित लढतात आणि मॅट उचलून ठेवता येते. आणि टिनाखाली एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातनंतर लढत लावू नका. आपल्याकडचा पारा ४५ च्या वर जातो, पोरं भोवळ येऊन पडतात.

दंगलीबद्दल तुम्ही थोडं नाराजीनं लिहिलंय, ती नाराजी मला समजते. पण दंगल ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. वर्गणी जमते, माणूस जमतो, म्हातारी माणसं मांडी घालून बसतात. फक्त पैसा वाटायची पद्धत बदला. बहुतेक गावांत निम्मं-अधिक इनाम शेवटच्या एका काटा कुस्तीला जातं. ती लढायला इंदूर-बुऱ्हाणपूरकडून किंवा नागपूरकडून पहेलवान येतात, आणि कधीकधी दोघं आधीच ठरवून बरोबरीत सोडतात, म्हणजे नुरा कुस्ती. गावच्या पोरांना त्यातून काहीच मिळत नाही. मोठी कुस्ती ठेवा, ती लोकांना हवी असते. पण इनामाचा तिसरा हिस्सा तरी लहान वजनांना द्या. सकाळी नावनोंदणी आणि वजन, वय बघायला आधार कार्ड आणि शाळेचा दाखला, आणि जोड डोळ्यांच्या अंदाजानं न लावता काट्यावर लावायची. हरणाऱ्या पोरालाही भाडं आणि दुधाचे पैसे द्या. आजूबाजूच्या पन्नास-साठ पोरांना एका दिवसात आपापल्या वजनाच्या दोन कुस्त्या मिळतात, आणि पुढच्या वर्षी कोणत्या गावात कोणाची जोड आहे हे तुम्हाला कळतं. केंद्र जमवायची यादी तुम्हाला तिथेच मिळते.

वस्ताद कुठून आणायचा? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून डिप्लोमा केलेला मार्गदर्शक तालुक्याच्या गावाला मिळणं अवघड, आणि त्याची वाट बघत बसूही नका. आपल्या भागात शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घेतलेले क्रीडाशिक्षक गावोगावच्या हायस्कूलमध्ये आहेत, यातले बरेच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातूनच शिकून गेलेले. त्यांना गुण, नियम, वॉर्मअप, स्पर्धेचे अर्ज सगळं माहीत असतं. गावातल्या जुन्या पहेलवानाला डाव माहीत असतात: ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट. दोघांना एकत्र बसवा. सुरुवातीला दोघांचं पटत नाही. जुना माणूस म्हणतो, "हे पॉइंटवालं काय असते बाप्पा, चित कर अन् मोकळा हो." शिक्षक म्हणतात, काका जुन्या काळात अडकले. मी दोघांचं काम वाटून देतो. डाव काकांनी दाखवायचा, तो कोणत्या क्षणी लावला तर गुण पडतो हे सरांनी सांगायचं. ढाक मारताना पकड सुटली तर मातीत फार बिघडत नाही, गादीवर समोरचा मागे जाऊन दोन गुण घेतो. ते सरांनी दाखवलं की काकाही मान डोलावतात.

खुराकाबद्दल थोडक्यात. ज्यांच्या घरची जमीन कोरडवाहू किंवा जे रोजमजुरीवर आहेत त्यांना बदाम-तूप सांगून पोर घरी बसवू नका. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भिजवलेले चणे, शेंगदाणे, जवसाची चटणी, चालत असेल तर अंडी आणि जमेल तेवढं दूध, यावर सतरा वर्षांचं पोर चांगलं तयार होतं. लढतीनंतर सगळ्यांना मिळून फुटाणे-गूळ किंवा दूध देता आलं तर बघा, दंगलीच्या वर्गणीतून तेवढं सहज निघतं. डब्यातली पावडर आणि कोणी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनं आखाड्याच्या दारातच अडवा. त्यात काय मिसळलंय हे कळत नाही, आणि उत्तेजक तपासणीत सापडलं तर बंदी पोरावर येते.

वजन उतरवण्याबद्दल मी कडक आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला उपाशी ठेवून, पाणी तोडून, खालच्या गटात घालू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट पन्नास किलोच्या अंतिम लढतीआधी शंभर ग्रॅमनं जास्त भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर वजन उतरवूनही, इतकी मदत हाताशी असूनही असं होतं. आपली पोरं वाढीच्या वयातली आहेत, ज्या वजनात आहेत त्याच वजनात लढू द्या.

आणि कातडी तपासा. लढतीआधी मान, काखा, मांड्या. गजकर्ण किंवा पिकलेला फोड दिसला की तो पोरगा त्या दिवशी धावेल, लढणार नाही. मेडिकलमधून न विचारता आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं लावू देऊ नका, त्यानं नायटा दबल्यासारखा दिसतो आणि नंतर दुप्पट पसरतो. सरकारी दवाखान्यात दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना झालेलं हवं.

मुलींना घ्यावं का, तर जरूर घ्या, आणि पहिल्याच वर्षी घ्या. महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये २००४ पासून आहे, साक्षी मलिकनं २०१६ ला रिओत पदक आणलं, आणि आपल्या राज्यात २०२३ ला सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आपल्या भागात मुलींच्या गटांत नोंदणी अजून कमी असते, त्यामुळे मन लावून शिकणारी मुलगी विभागापर्यंत लवकर पोचते, हा माझा अनुभव आहे. पण जोडीची अडचण मुलींना दुप्पट येते, म्हणून पाच गावांचं केंद्र त्यांच्यासाठी जास्त गरजेचं. वेळ वेगळी ठेवा, कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी, आणि सरावाला शिक्षिका किंवा कोणाची तरी आई हजर असावी. आईवडिलांना एकदा सराव बघायला बोलवा. घरोघरी जाऊन समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

तुमच्यासमोर आता जो हंगाम आहे त्याचं बघा. शाळा सुरू झाल्या की स्पर्धांची तालुका पातळी फार लांब नसते. त्याच काळात डवरणी-निंदण असतं, मोठी पोरं शेतात गुंततात, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरचे सोडत नाहीत. तेव्हा आठवड्याचे सहा दिवस ठरवून मोडण्यापेक्षा वेचणीच्या महिन्यांत तीनच ठेवा, पण ते मोडू नका. तुमच्या व्यायामशाळेच्या मंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे झालेली आहे का, लेखापरीक्षण थकलंय का, आणि व्यायामशाळेची जागा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे मिळकतींच्या नोंदवहीत, कोणाच्या नावावर आहे, ते या आठवड्यात बघून घ्या. व्यायामशाळेच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात गेलात की पहिल्यांदा हेच कागद विचारतात. तोवर वजनकाटा मिळवा, पोरांची नावं, जन्मतारखा आणि वजनं एका वहीत लिहा, आणि शेजारच्या चार गावांना तशीच वही करायला सांगा. त्या याद्या इथे टाकल्यात तर जोड्या कशा लावायच्या ते मी बघून देईन. वजनं मात्र सकाळी, रिकाम्या पोटी घेतलेली हवीत.